अळ्या नसलेली फुलपाखरं

काही माणसांबरोबर काम केलं की किस्से गोळा करावे लागत नाहीत. फ्रिजमधल्या उरल्यासुरल्या डब्यांसारखे ते आपोआप साठतात. डेक्लनचे माझ्याकडे असेच साठलेत. त्यातला एकही आठवला तरी माझं डोकं फिरतं.

डेक्लन आयरिश. टेक्ससमधल्या प्लेनो गावात मुलांना निसर्ग शिकवतो आणि शनिवारी सकाळी आमच्या लोकल रेडिओवर लाइव्ह बोलतो. मी नागपूरचा, पोटापाण्यासाठी आयटीत. शनिवारी त्याचा साउंड सांभाळतो.

एकदा बागेत बसून पक्ष्यांवर कार्यक्रम केला. सोमवारी स्टेशन मॅनेजरचा मला फोन. "कार्यक्रम छान, पण मागे पक्षी फार ओरडतात. पुढच्या वेळी तेवढे कमी कर."

*

आमच्या कॉलनीच्या क्लबहाउसमागे डेक्लनने मुलांकडून मिल्कवीड लावून घेतलं. ही आपल्या रुईची चुलतबहीण. मोनार्क फुलपाखरं अंडी घालतात ती हिच्यावरच. टेक्ससच्या उन्हात गुडघे टेकून खपला बिचारा.

कॉलनी कमिटीची प्रेसिडेंट बघायला आली. "फुलपाखरं गोड आहेत. पण अळ्या नसलेली मिळतील का?"

बाई खरंच विचारत होती.

*

आपले लोक तरी शहाणे असावेत? साताऱ्याच्या शुभाकाकू मुलाकडे आलेल्या. एका शनिवारी बघतो तर मारुतीच्या हारासाठी त्यांनी मिल्कवीडची पिशवीभर पानं ओरबाडलेली.

"काकू, अहो ही आपली रुई नाही. आणि त्यावर अळ्या होत्या!"

"माहितीये रे. नळाखाली धुऊन घेतलीत पानं."

डेक्लनला सांगितलं. पुढच्या आठवड्यात काकूंच्या दारात मिल्कवीडच्या दोन कुंड्या, खास मारुतीसाठी. हा माणूस चिडतच नाही, म्हणून त्याच्या वाटचं मी चिडतो.

*

यंदा कमिटीने त्याला पर्यावरण शिक्षक म्हणून सन्मानचिन्ह द्यायचं ठरवलं. समारंभ मिल्कवीडपाशीच, त्याच्या लाइव्ह कार्यक्रमात.

मी माइक घेऊन पोचलो, तर सगळं सपाट. खुर्च्यांना जागा हवी म्हणून सकाळीच गवत कापायचा मोवर फिरवलेला. मुलं कडेला उभी होती. त्यातली एक मला म्हणाली, "काका, अळ्या! दे वर स्टिल ईटिंग."

प्रेसिडेंट हसत डेक्लनला म्हणाली, "सगळं तुमच्यासाठीच स्वच्छ करून घेतलं."

डेक्लनने सन्मानचिन्ह खुर्चीवर ठेवलं, माझ्याकडून माइक घेतला आणि त्या कापलेल्या रोपांत पालथा झोपला.

"गुड मॉर्निंग. आज आपण अळ्यांचं खाणं ऐकणार होतो," तो श्रोत्यांना म्हणाला आणि त्याने माइक जमिनीला लावला. उरलेला सबंध कार्यक्रम तो एक शब्द बोलला नाही. मी आवाज फुल ठेवला.

वेळ संपली, तशी प्रेसिडेंटने टाळ्या वाजवायला सुरुवात केली.