मी खोटी ठरवलेली बाई

माझी सून इंटरनेटवर एक यादी चालवते. मीरा रोड-भाईंदरमध्ये कोण काय काम करतं, ते त्या यादीत असतं. नळ दुरुस्त करणारा, फॉल-पिको करणारी, अंथरुणाला खिळलेल्या माणसाला सांभाळणारी, पाण्याची टाकी धुणारा. लोक मोबाईलवर बघतात आणि फोन लावतात.

आधी ती अंधेरीला एका मोठ्या कंपनीत हेच काम करायची. तिथे जो पैसे भरेल त्याचं नाव वर जायचं आणि नावापुढे हिरवी खूण लागायची. खुणेचा अर्थ, आम्ही तपासलंय. तपासायला कुणीच जात नसे. एकदा तिला बंद कुलुपं उघडून देणारे बारा जण सापडले. नावं बारा, पत्ते बारा, पण कुणालाही फोन लावला तरी उचलणारा आवाज एकच. तिने साहेबाला दाखवलं. साहेब म्हणाला, "मॅडम, तो एक माणूस नाहीये. आपली बारा गिऱ्हाइकं आहेत ती." महिन्याभरात तिने नोकरी सोडली. माझा मुलगा दोन दिवस घरखर्चाचा हिशेब मांडत बसला. मलाही पटलं नव्हतं. चांगल्या पगाराची नोकरी होती.

मग तिने स्वतःची यादी काढली. नियम एकच. घरातल्या कुणीतरी जाऊन डोळ्यांनी बघितल्याशिवाय खूण द्यायची नाही. मुलगा कामावर, ती दोन मुलींच्या मागे. उरले मी. सून म्हणाली, "आई, खिडकीत बसून तुम्ही येणाऱ्याजाणाऱ्याला नावं ठेवता. तेच जरा फिरून करा."

मी चौथी शिकलेय. माहेर घोडबंदरच्या बाजूचं. आमची भातशेती होती आणि मिठागरात कामाला जायचो. लग्न होऊन भाईंदरला आले, आता म्हातारपणी शांती नगरमध्ये फ्लॅटात आहे. मला लिहितावाचता येतं, चालता येतं आणि समोरच्याला काय वाटेल याची फार काळजी नसते. या कामाला तेवढं पुरतं.

माझी रीत साधी. ज्याचं दुकान बघायचं त्याला आधी काही विचारायचं नाही. शेजारच्या दुकानात जायचं, पाव किलो साखर घ्यायची आणि विचारायचं, "इसके साथ कोई झगड़ा करने आता है क्या?" शेजारी हसून म्हणाला, "रोज आता है, माँजी," तर तो माणूस खरा. काम बिघडलं की लोक भांडायला येतात, म्हणजे तो जागेवर सापडतो. ज्याच्याशी कधीच कुणी भांडलं नाही, त्याच्याबद्दल मी दोनदा चौकशी करते. आमच्या घरात साखर फार झाली होती.

जे सापडत नाहीत त्यांच्यासाठी सुनेने वेगळं पान ठेवलं होतं. "जाऊन पाहिलं, नाही सापडलं." लोक ते पानच जास्त बघायचे. दुसऱ्याचं खोटं बघायला सगळ्यांना आवडतं. मलाही आवडायचं. त्या पानावर एक नाव वाढलं की मी रात्रीच्या जेवणाला एक चपाती जास्त खायचे.

एके दिवशी सुनेने पत्ता दिला, गॅसची शेगडी आणि मिक्सर दुरुस्तीचा. शांती नगरच्याच दुसऱ्या सेक्टरमध्ये, तळमजल्यावरचं घर. सून म्हणाली, "मी फोन केला होता. बाईंनी उचलला. म्हणाल्या, हो, दुरुस्ती करतो."

मी नेहमीप्रमाणे आधी शेजारच्या किराणावाल्याकडे गेले. विचारलं, "यहाँ मिस्त्री है ना?"

तो म्हणाला, "माँजी, मिस्त्री तो गुजर गए. दिवाली के बाद."

तरी मी बेल वाजवली. चाळिशीची बाई काळे झालेले हात पदराला पुसत दारात आली. मागे भिंतीवर माणसाचा फोटो, त्याला ताजा हार. खाली वर्तमानपत्रावर एक शेगडी सुटी करून ठेवलेली. मला वाटलं, बिचाऱ्याचं अर्धवट राहिलेलं काम असेल.

मी विचारलं, "मिस्त्री आहेत का?"

ती म्हणाली, "नाहीत."

त्यापुढे मी एक शब्द विचारला नाही. आमच्यात ज्या घरी माणूस गेलाय तिथे पहिल्यांदा गेलं की जास्त बोलत नाहीत, आणि निघताना "येते" म्हणत नाहीत. गुपचूप उठून चालायला लागायचं. मी तशीच चालायला लागले. ती दारात उभी राहून बघत राहिली असणार. मी मागे वळले नाही, कारण वळायचंही नसतं.

घरी येऊन सुनेला सांगितलं, "मिस्त्री मेला. बंद आहे. खोटी नोंद."

"पण आई, फोनवर तर हो म्हणाल्या."

"नवरा गेलेली बाई. गोंधळली असेल. मी डोळ्यांनी बघून आलेय ना?"

सुनेने नाव त्या पानावर टाकलं.

पंधरा दिवसांनी दुपारी दार वाजलं. तीच बाई. खांद्याला पिशवी, त्यातून पाना आणि रबरी नळी बाहेर आलेली. चप्पल न काढताच तिने विचारलं, "यादी तुम्हीच करता? मला खोटी कुणी ठरवली?"

सून पुढे होणार तेवढ्यात मी म्हटलं, "मी. मी विचारलं मिस्त्री आहेत का, तुम्ही म्हणालात नाहीत."

"मग काय सांगायला हवं होतं? फोटोतून खाली उतरवू त्यांना?"

"मग सांगायचं ना, मी करते म्हणून."

"तुम्ही थांबलात कुठे, मावशी? नाहीत म्हटलं आणि तुम्ही गेटच्या बाहेर! मला वाटलं, वर्गणीवाली असेल."

सुनेला हसू आलं. मला आलं नाही. बाईने मोबाईल काढून दाखवला. कुठल्यातरी सोसायटीच्या ग्रुपवर आमच्या पानाचा फोटो टाकला होता आणि वर लिहिलं होतं, फसवणूक, सावधान. त्याखाली एकाने लिहिलं होतं, 'मी यांना शेगडी देणार होतो, वाचलो.' ती म्हणाली, नवरा असतानाही निम्मी दुरुस्ती तीच करायची, तो फक्त गिऱ्हाइकांशी बोलायचा. तो गेल्यावर बाईचा आवाज ऐकून काही लोक फोन ठेवायचे, तरी काम येत होतं. आता या फोटोनंतर आठ दिवस एकही फोन नाही. धाकट्या मुलीच्या कॉलेजची फी भरायची होती.

मी म्हटलं, "आमचा मिक्सर बंद पडलाय. उघडून दाखवा बघू."

"परीक्षा द्यायला नाही आले मी," ती म्हणाली. "माझं नाव आधी तिथून काढा. मग मिक्सर." आणि गेली.

त्या संध्याकाळी घरात वाद झाला. पुढच्या आठवड्यात आजूबाजूच्या पाच सोसायट्या ठरवणार होत्या, की आमची यादी त्यांच्या गेटवर लावायची की सुनेच्या जुन्या कंपनीची. कंपनीचा माणूस आधीच सगळीकडे सांगत फिरत होता, "वो लिस्ट मतलब सासूजी की गपशप है." मुलगा म्हणाला, "गुपचूप तिथून नाव काढ आणि खऱ्या यादीत टाक. कुणाला कळणार आहे?" सुनेलाही ते मोहात पाडत होतं, मला दिसत होतं. ती म्हणाली, "मान्य केलं तर म्हणतील, ह्यांचंही तपासणं असंच."

मी म्हटलं, "असंच आहे की. मी गेले आणि चुकले. तुझ्या साहेबासारखं लपवायचं असेल, तर नोकरी कशाला सोडलीस?"

सून रागावली आणि भांडी घासायला गेली. मीही रागावले होते, पण स्वतःवर. मी स्वतः मिठागरात बाप्यांच्या बरोबरीने मीठ गोळा करायची फळी ओढलेली बाई. तिचे काळे झालेले हात बघूनही मी नवऱ्यालाच शोधत होते.

दुसऱ्या दिवशी मी तिच्या घरी गेले. तिने दार उघडलं आणि स्टूल पुढे केलं. मी दोन तास बसले. जवळचेच दोघे-तिघे आले, ज्यांनी ग्रुप वाचला नव्हता. मग एक गृहस्थ तावातावाने आले, "भाभी, ये बर्नर फिर से पीला जल रहा है! कल ही तो किया था!" तिने वाद घातला नाही. बर्नर काढला, सुईने भोकं साफ केली, आणि म्हणाली, "भाईसाब, दूध उबल के गिरता है आपका, मैं क्या करूँ? घर में बोलो, ध्यान रखे." गृहस्थ म्हणाले, "घर में मैं ही दूध रखता हूँ." शेगडी पेटवली, ज्योत निळी आली, ते गेले. माझ्या रीतीने बघितलं तर हिच्याइतकी खरी नोंद आमच्या यादीत नव्हती.

मी म्हटलं, "चूक माझी. आम्ही तसं तुमच्या नावाखाली लिहितो, की हिला चुकून खोटी ठरवली होती."

ती एकदम म्हणाली, "अजिबात नको! म्हणजे जो माझं नाव बघेल त्याला आधी 'खोटी' दिसणार. तुमचा प्रामाणिकपणा, आणि बदनामी माझी? चूक तुमची ना? मग तुमच्या नावाखाली लिहा."

"माझं नाव यादीत नाही."

"मग टाका. तुम्ही पण काम करताच की."

 घरी येऊन सुनेला सांगितलं. तिने आधी मुलींना जेवायला वाढलं. मग लॅपटॉप उघडून बसली. तिने नवीन पान केलं. वर लिहिलं, तपासणारी. खाली माझं वय, शिक्षण चौथी, कशी तपासते ते, आणि शेवटी, चुका. पहिली चूक मी सांगितली तशी तिने लिहिली. "मिस्त्री गेला म्हणून काम बंद समजले. काम बायको करते. विचारायला हवं होतं, विचारलं नाही." आणि ज्या ग्रुपवर तो फोटो फिरला होता, तिथे हे पान आणि बाईची दुरुस्त केलेली नोंद मी मुलाला पाठवायला सांगितलं. त्याने पाठवलं, कुरकुरत.

सोसायट्यांची बैठक क्लब हाउसमध्ये होती. कंपनीचा माणूस टाय लावून आला होता. त्याने आमचं पानच मोठं करून दाखवलं. "देखिए, खुद मान रहे हैं कि गलती की है. ऐसी लिस्ट पे भरोसा करेंगे आप?"

सेक्रेटरी गुजराती गृहस्थ, बँकेतून रिटायर झालेले. त्यांनी चष्मा लावून ते सगळं वाचलं. मग विचारलं, "आपका गलती वाला पेज किधर है?"

"सर, हमारे यहाँ गलती होती ही नहीं."

"अच्छा?" ते म्हणाले. "आपके टिक वाले ने मेरा एसी ठीक किया था. दो बार गैस भरी, ठंडी हवा आज तक नहीं आई. वो किस पेज पर है?"

लोक हसले. तरी सगळं काही आमच्या बाजूने गेलं नाही. एक जण म्हणाला, चौथी शिकलेल्या बाईवर कसा विश्वास ठेवायचा. मी म्हटलं, ठेवू नका, माझ्याबरोबर फिरा. तो नाही आला. पाचपैकी तीन सोसायट्यांनी आमची यादी लावली, उरलेल्या दोन्हींनी कंपनीची. सुनेला वाईट वाटलं. मला तीन पुष्कळ वाटल्या.

बाईचे फोन लगेच सुरू झाले नाहीत. आधी त्या ग्रुपवरच्या एका बाईने शेगडी दिली, मग तिच्या जावेने. महिन्याभरात तिला दुपारी झोपायला वेळ मिळेना. तेव्हा ती आमच्याकडे आली, मिक्सर उघडला आणि म्हणाली, "याच्या मोटरमधला ब्रश गेलाय. आणि मावशी, यात हळकुंडं दळता का? हळकुंडं यात दळत नाहीत."

आता दुरुस्तीची कामं असली की ती माझ्याबरोबर येते. माणूस जागेवर आहे की नाही, ते मी बघते. त्याला काम येतं की नाही, ते ती बघते. माझ्या पानावर आता तीन चुका आहेत. तिसरी आम्हा दोघींची आहे, पण लिहिली माझ्या नावावर.

गेल्या मंगळवारी घोडबंदरजवळच्या चेण्याला गेलो होतो, टाकी धुणाऱ्याकडे. तो घरी नव्हता. पूर्वी मी 'नाही सापडला' लिहून परत आले असते. आम्ही ओट्यावर बसलो. त्याच्या आईने चहा दिला. दीड तासाने तो आला, गुडघ्यापर्यंत भिजलेला, हातात काथ्याचा ब्रश. बाईने त्याला विचारलं, टाकीत उतरण्याआधी झाकण किती वेळ उघडं ठेवतोस. तो म्हणाला, "अर्धा तास. न्हायतर आत माणूस चक्कर येऊन पडतो. माझा भाऊ पडला व्हता, वाचला."

मी तिथेच बसून लिहिलं. कोण, कुठे, काय करतो, कधी पाहिलं, आणि झाकण आधी उघडून ठेवतो. त्याने कागद मागितला, वाचला, आईला वाचून दाखवला.

"मावशी, 'लय चांगला' असं पण लिवा की," तो म्हणाला.

"ते तुझी गिऱ्हाइकं लिहितील," मी म्हटलं. "आम्ही जे बघितलं तेवढंच लिहितो."

त्याची आई म्हणाली, "तेवढं पन कोनी लिवत न्हाय." आणि आम्हाला निघताना तिने अळूची पानं दिली. मी सहसा कुणाकडून काही घेत नाही. ती घेतली, आणि सुनेला सांगून तेही माझ्या पानावर लिहायला लावलं.