ओव्याच्या बांधाची माती

"कुठे जाणार ते नका सांगू. तिथली माती आणा."

टायर घ्यायला आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला चाचा हे ऐकवायचे. तेही वर न बघता, हातातल्या टायरच्या नक्षीत अंगठा खुपसून. पुणे रस्त्यावर त्यांचं कौलारू दुकान होतं आणि अख्खं पनवेल त्यांना चाचाच म्हणायचं.

आता तुम्हीच सांगा, टायर घ्यायला माती कशाला हवी? तांदूळ घ्यायला गेलं तर वाणी आपल्या पोटाची चौकशी करतो का? पण चाचांकडे हा नियम होता. आपल्या वाटेवरची सगळ्यांत वाईट जागा शोधायची आणि तिथली मूठभर माती कागदात बांधून न्यायची. चाचा ती बोटांत चोळणार, पाणी घालून मळणार, हुंगणार आणि मग म्हणणार, "उद्या सांगतो, इन्शाल्ला."

एक लॉरीवाला एकदा वैतागून म्हणाला, "चाचा, मी घाटातही जातो आणि चिखलातही जातो. काय देता बोला!"

"मग दोन लॉऱ्या घे," चाचा म्हणाले आणि पुढच्या टायरकडे वळले.

मी तेव्हा पनवेलात नवा डॉक्टर होतो. लष्कराने मोडीत काढलेली एक जीप मी घेतली होती. तिची टायरं इतकी गुळगुळीत झाली होती की नक्षी कुठे होती तेही कळत नव्हतं. पावसाळा तोंडावर आला होता आणि खाडीकाठच्या गावांना माझ्याशिवाय डॉक्टर नव्हता. त्यातलं ओवे सगळ्यांत अवघड. शेवटचा मैल-दीड मैल खाजणाच्या, म्हणजे खाडीच्या खाऱ्या दलदलीच्या, बांधावरून जायचं.

"माती?" चाचांनी विचारलं.

"चाचा, मी डॉक्टर आहे, कुंभार नाही."

"मग तर तुम्हाला समजायला पाहिजे. नाडी न बघता दवा देता का?"

म्हणणं बरोबर होतं, म्हणून मला जास्तच राग आला. तरी मी ओव्याहून माती आणली. चाचांनी ती चोळली आणि पुडी परत माझ्या हातात दिली. "ही गावातली. जीप गावात नाय रुतत, बांधावर रुतते. बांधाची आणा."

दवाखान्यात माणसं खोळंबलेली, आणि मी काय मातीच्या पुड्या वाहत बसू? दुसऱ्या दिवशी मी माझ्याच अंगणातली, विहिरीजवळची मूठभर माती उचलली, वर्तमानपत्रात बांधली आणि चाचांपुढे ठेवली.

"बांधाची ना?"

"बांधाची."

चाचांनी ती हुंगली. परत हुंगली. "डॉक्टरसाहेब, खारा वास नाय येत."

"मग मी खोटं बोलतोय का?" मी एकदम चढ्या आवाजात विचारलं.

चाचांनी दोन्ही कानांना हात लावले. "तौबा, तौबा! तुम्ही सांगता तर बांधाचीच." आणि त्यांनी मुरमाच्या रस्त्याला चालतील अशी उथळ नक्षीची चार टायरं काढून जीपला चढवली. घरी येऊन मी बायकोला हा पराक्रम रंगवून सांगितला. आम्ही दोघंही पोट धरून हसलो.

श्रावणात एका दुपारी ओव्याहून बोलावणं आलं. मिठागरात काम करणाऱ्या एकाची बायको अडली होती. पहिलटकरीण, आणि मूल आडवं. तिला पनवेलच्या इस्पितळात हलवायलाच हवं होतं. जीपमध्ये गोधडी घालून तिला निजवलं, सासू उशाशी बसली आणि आम्ही निघालो. येताना रिकामी जीप कशीबशी निघाली होती, पण आता बांधावर आलो आणि चाकं जागच्या जागी फिरू लागली.

"डाक्टर, आमी ढकलतो, तुमी दाबा!" नवरा ओरडला. दहा-बारा जण खांदा लावून उभे राहिले. मी दाबत होतो आणि जीप आणखी खाली जात होती. तासभर आम्ही हेच केलं. शेवटी तिला बाजेवर घालून माणसांनी खांद्यावरून सडकेपर्यंत नेलं आणि तिथे एक लॉरी मिळाली.

बाई वाचली. मूल गेलं.

जीप रुतली नसती तर ते वाचलं असतं का? मी डॉक्टर असूनही सांगू शकत नाही. पण नसतंच वाचलं, असंही मला कधी म्हणता आलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी चाचा दवाखान्याच्या दारात उभे. खबर पनवेलभर झाली होती. "डॉक्टरसाहेब, माझ्या हातून गुन्हा झाला. नाक सांगत होतं, मी ऐकलं नाय."

मी तेव्हाच बोलायला हवं होतं. पण बाकावर रोगी बसले होते, सगळे ऐकत होते. मी म्हणालो, "असू द्या चाचा, होतं असं कधी कधी."

असू द्या! म्हणजे मी त्यांना माफ केलं! आजही हे आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटतं. चाचांनी त्याच दिवशी खोल नक्षीची टायरं आणून स्वतः जीपला बसवली.

त्यानंतर त्यांनी कुणाकडेच माती मागितली नाही. "कुठलं देऊ?" एवढंच विचारायचे, गिऱ्हाईक बोट दाखवेल ते काढून द्यायचे. लोक खूश झाले. म्हातारा सुधारला, म्हणाले. मला मात्र ते बघवेना. एकदा मी चिडून विचारलं, "चाचा, माती का नाही मागत?"

"हाताचा भरवसा नाय राहिला, साहेब," ते म्हणाले. तरीही मी पुडीचं खरं सांगितलं नाही, आणि पुढे बरीच वर्षं नाही.

पुढे चाचांची छाती बिघडली. मी रोज त्यांच्या घरी जात असे. एका दुपारी खोलीत दुसरं कुणी नव्हतं, तेव्हा मी सगळं सांगून टाकलं. अंगण, विहीर, पुडी, सगळं. मला वाटलं ते ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी उशीला टेकून एवढंच विचारलं,

"त्या ओव्याच्या पोरीला सांगितलंत?"

"नाही."

"मग मला आधी कशाला सांगता?" असं म्हणून त्यांनी डोळे मिटले.

चाचा त्याच महिन्यात गेले. ओव्याला मी अजून जातो. त्या बाईला पुढे दोन मुली झाल्या. जीपचा आवाज ऐकून ती दारात येते. "डाक्टर, चाय घेतल्याबिगर जायाचं नाय," म्हणते. मी बसतो, चहा घेतो, मुलींची विचारपूस करतो आणि निघतो.