मधल्या पाटीवर बाबा

आई स्वयंपाकघरात भांडी पालथी घालतेय. आधी पातेलं वाजतं, मग झाकणी, मग वाट्या, आणि प्रत्येक आवाज आधीच्यापेक्षा थोडा लांबून येतो. मी माजघरात चटईवर कुशीला वळून पडलेय. लाइट गेलेत. श्रावणातलं ऊन दारातून आत येतं आणि तसंच मागं फिरतं. झोपायचं नाही असं मी ठरवलंय, कारण संध्याकाळी मैदानावर जायचं की नाही ते अजून ठरलेलं नाही.

आता वाट्याही वाजायच्या थांबतात आणि बाबा माझ्या पायांशी येऊन बसतो.

बाबा मार्चमध्ये गेला. विट्याच्या बाजारात, दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या असताना तो मटकन खाली बसला आणि परत उठला नाही. मी कधी शाळेत गेलेली नाही. आईनं आणि बाबानं मला घरीच शिकवलं, त्यातही बाबानं जास्त. त्यामुळे त्या दिवशी माझे वर्गशिक्षक गेले, मुख्याध्यापक गेले आणि तास संपला की ताटली वाजवणारा शिपाईसुद्धा गेला.

हे सगळं मला माहीत आहे. तरी तो बसलाय, म्हणून मी पाय आखडून त्याला जागा करून देते.

"शालू, झोपलीस?"

"नाही."

"मग ऊठ. शाळेला उशीर होतोय."

त्याच्या तोंडून हे ऐकून मला हसू येतं. "तू मला शाळेला सोडणार?"

"सोडतोय कुठं? मीपण येतोय. मी तरी कुणाला सांगू, एकट्याला करमत नाही म्हणून?"

आम्ही दाराबाहेर पाऊल टाकतो. बाहेर आमचं अंगण नाही, लांबलचक व्हरांडा आहे. फिनेलचा वास येतोय. ही तीच शाळा, जिथं सोमवारपासून मला नववीत जायचंय. आईला पतसंस्थेत नोकरी लागलीय, ती दिवसभर घरी नसणार, आणि काकांनी तिला दोन वेळा येऊन समजावलं की पोरीला आता एकटं ठेवून चालायचं नाही. आई शेवटी हो म्हणाली. मीही हो म्हणाले. नाही म्हणायचं असतं तर ते बाबाच्या भरवशावर, आणि तो नव्हता.

वर्गात कोणी नाही. बाबा पहिल्याच बाकावर बसायला जातो, पण त्याचे गुडघे आत मावत नाहीत. तो एक पाय बाहेर काढून तिरका बसतो आणि माझ्याकडं बघतो. चप्पल विसरून आलाय.

"इथं बसायचं बाबा? रोज?"

"बसायचं की. तुला रांगेत बसता येतं."

"ते मैदानावर."

"मग ते काय वेगळं असतं?"

खरं आहे. रांगेत बसायला मी मैदानावरच शिकले. नऊ वर्षांची असताना बाबानं मला नलवडे मॅडमच्या खो-खो क्लबात नेलं. घरात मी, आई, बाबा आणि एक मांजर. रांग करायला माणसंच नव्हती. पहिल्या दिवशी सगळ्या पोरी माझ्याभोवती गोळा झाल्या.

"कुठली शाळा गं तुझी?"

"घरची."

"घरची कसली शाळा?" तबस्सुम म्हणाली. तिला खरंच काळजी वाटली होती. "मग मधल्या सुट्टीत डबा कोणाबरोबर खातेस?"

दुसऱ्या दिवशी तिनं माझ्यासाठी डबा आणला. तेव्हापासून सरावाच्या आधी आम्ही दोघी मैदानाच्या कडेला बसून डबा खायचो, आणि ती त्याला मधली सुट्टी म्हणायची. शाळांच्या स्पर्धा आल्या की टीम फुटायची. पोरी आपापल्या शाळेचा टी-शर्ट घालून एकमेकींविरुद्ध खेळायच्या आणि मी बाबाजवळ कडेला उभी राहून दोन्ही बाजूंना पाणी द्यायचे. क्लबच्या सामन्यांत मात्र मला कोणी शाळा विचारायचं नाही. वय विचारायचे. तेवढं माझ्याकडं होतं.

"मॅडम काय म्हणतात?" बाबा बाकावरून विचारतो.

"रविवारी जिल्ह्याची निवड आहे म्हणून निरोप आलाय. आज आले नाही तर संधी गेली म्हणाल्या."

"मग?"

"मी नाही जात आता. मार्चपासून नाही गेले."

"का?"

मैदानाच्या बाहेर कडुलिंबाखाली एक दगड आहे. त्याच्यावर बसून तो रोज पुस्तक वाचायचा, किंवा वाचल्यासारखं करायचा. तो गेल्यावर मी एकदाच गेले होते. दगडावर कोणाचा तरी टॉवेल वाळत टाकलेला होता. मी तशीच घरी आले.

"टॉवेल होता," मी एवढंच म्हणते.

"ऊन चांगलं येतं तिथं," बाबा म्हणतो. "वाळणारच."

फळ्याच्या जागी आता लिंबाचं झाड आहे. बाकांच्या खाली चुन्याच्या रेघा दिसायला लागतात, मग बाकच नसतात. मैदान नेहमीपेक्षा मोठं आहे आणि दोन्ही टोकांचे खांब लांब, काडीसारखे दिसतायत. मधल्या पाटीवर, दोन खांबांमधल्या पट्ट्यात, आमच्या पोरी बसल्यात, एकीचं तोंड इकडं, एकीचं तिकडं. कोणीच मागं वळून बघत नाही. मी पळतेय. कोणाला धरायचंय ते दिसत नाही, पण पुढं कोणाचे तरी पाय वाजतायत.

तबस्सुमच्या मागून जाते, आरतीच्या मागून जाते. शेवटच्या चौकोनात बाबा बसलाय.

नीट बसलाय तो. एक पाय पुढं, एक मागं, दोन्ही हात जमिनीला टेकलेले, पाठ माझ्याकडं. शर्ट तोच, बाजाराला गेला होता तो. इतकी वर्षं मला बघून बघून त्याला बसकण जमलीय.

मी त्याच्या मागं थांबते. आता खो द्यायचा, म्हणजे त्याच्या पाठीला हात लावून मोठ्यानं म्हणायचं. मग तो उठून पळणार आणि त्याच्या जागी मी बसणार. मला हात पुढं करवत नाही.

"दे की," बाबा समोर बघतच म्हणतो.

"नाही देणार."

"शालू, पाय आखडलेत माझे. कधीचा बसलोय."

"अजून थोडा वेळ बस."

"किती?"

मॅडम कडेला उभ्या आहेत, शिट्टी तोंडात धरून, पण वाजवत नाहीत. सगळं मैदान माझ्यासाठी थांबलंय. बाबाच्या मानेवर घाम आलाय आणि टाचा खरंच थरथरतायत. त्याला त्रास होतोय. तो उठू शकत नाही, कारण खो मिळाल्याशिवाय बसलेल्यानं उठायचं नसतं, आणि बाबा कधी नियम मोडत नाही.

"बाबा, मला शाळेत भीती वाटेल."

"वाटेल की. पहिल्या दिवशी इथंही वाटली होती. माझी चप्पल धरून बसली होतीस."

"आणि तू?"

"मला पण वाटली. तू रमलीस तर काय करायचं, अशी."

मी हात ठेवते. शर्ट ओला आहे, आत पाठ गरम आहे. "खो."

त्याचे गुडघे वाजतात. तो उठतो आणि पळत सुटतो. बाबाला मी कधी पळताना बघितलेलं नाही. कोपरं बाहेर काढून, जरा वाकडा, पण जोरात पळतोय. मी त्याच्या चौकोनात बसते. जमीन अजून ऊबदार आहे.

तो खांबाजवळ पोचतो. तिथून वळून परत यायचं असतं, माझ्या बाजूनं. तो वळत नाही.

"बाबा, खांब! खांबाला वळ!"

तो सरळ जातो. रेघेच्या बाहेर, लिंबाच्या पुढं, उसाच्या कडेनं. मला उठता येत नाही. मी बसल्या जागेवरून ओरडते, बाबा, वळ, बाबा, आणि माझा आवाज मैदानभर जातो, तबस्सुमची वेणीसुद्धा हलत नाही. शर्ट लहान होत जातो. मी ओरडतच राहते.

पाठीवर हात पडतो तशी मी उठते.

आई आहे. लाइट आलेत, पंखा फिरतोय. आई चटईवर माझ्या मागं बसलीय, पदरानं माझी मान पुसतेय.

"चहा टाकू?"

हो म्हणायला मी तोंड उघडते आणि नुसता खरखर आवाज येतो. घसा पार बसलाय. गिळायलाही दुखतंय.

"अगं, हे काय झालं?"

"ओरडले ना मी," मी कसंबसं म्हणते. "झोपेत."

आई माझ्याकडं बघत राहते. "नाही गं. मी भांडी आवरून आले ती इथंच बसलेय. तू अगदी गप्प होतीस. श्वास चाललाय की नाही म्हणून मी हात ठेवला."

बाहेर कोणाची तरी म्हैस हंबरते.

"काय म्हणाला?" आई विचारते. कोण ते ती सांगत नाही.

"पाय आखडलेत म्हणाला."

आई खाली बघते. तिचे खांदे हलतात, आणि ती हसतेय असं मला एक क्षण वाटतं. मग ती उठते, मिठाचं गरम पाणी करून आणते आणि मी मोरीत उभी राहून गुळण्या करते. तरी आवाज सुटत नाही.

"मैदानावर जायचंय?"

मी हो म्हणून मान हलवते. आई पायात चपला घालते. मार्चपासून ती त्या रस्त्यानं गेलेली नाही. आज वाटेत ती माझा हात धरत नाही, फक्त शेजारून चालते. मैदानावर मॅडम म्हणतात, खो ऐकू आला नाही तर फाउल देईन. मी नुसती पळते, बसलेली असताना खो मिळाला की उठते, आणि घशातून जेवढं निघेल तेवढं काढते. तबस्सुम डबा घेऊन आलेली असते. आई लिंबाखाली उभी राहते, बसत नाही.

सोमवारी नववीच्या वर्गात बाई मला उभं करतात आणि नाव विचारतात. मी सांगते.

"मोठ्यानं सांग," बाई म्हणतात.

घसा अजून बसलेलाच आहे.