दोनदा बदललेलं तेल

सत्तरीला टेकलेल्या बाईनं कुठली गाडी चालवावी हे कुठं लिहिलेलं नसतं, पण लोकांच्या डोक्यात ते पक्कं असतं. माझ्या आत्याकडे निळी, बुटकी, दोन दारांची, टर्बोवाली गाडी आहे. सिग्नलला शेजारी थांबलेली पोरं कौतुकानं काच खाली करतात आणि स्टिअरिंगमागे पांढरा अंबाडा दिसला की गपचूप वर करतात. मागच्या सीटवर बसायचं तर माणसाला स्वतःची घडी घालावी लागते. मी एकदाच बसले, नंतर चार दिवस मान वळत नव्हती.

मला गाडीतलं ओ की ठो कळत नाही. मी दातांच्या दवाखान्यात लोकांना नंबर देते, फोन घेते आणि घाबरलेल्यांना पाणी देते. तरीही या गाडीची हेल्पर मीच, कारण आत्याला नाही म्हणता न येणारी भाची मी एकटीच आहे. ती मला ढमे म्हणते. मी काडीसारखी आहे, चाळिशी उलटली, पण लहानपणी गुटगुटीत होते आणि आत्याच्या लेखी तो विषय तिथंच संपला.

आत्या आयुष्यभर रुग्णालयात एक्स-रे काढायची. लग्न केलं नाही. माझे बाबा म्हणायचे, माणसांच्या हाडापर्यंत पोचल्यावर वरचं कातडं कोणाला आवडणार. निवृत्त झाली तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता ही बाल्कनीत कुंड्या लावेल. तिनं ही गाडी घेतली, पाठ गेलेल्या एका वकिलाकडून. आणि गॅरेजला कधी दिली नाही. तिचं म्हणणं, गॅरेजवाले एक चक्कर मारून बघतो म्हणतात आणि दुसऱ्याची गाडी पिदडून आणतात. साध्या गाडीला तेल उशिरा बदललं तर चालतं, ही गाडी जोरात पळते, हिचं तेल लवकर जळतं, त्यामुळं रनिंगचा आकडा भरला की त्याच आठवड्यात तेल बदलायचं, फिल्टर बदलायचा, प्लग बघायचे. हे सगळं तिच्या डोक्यात असतं. कुठं लिहून ठेव म्हटलं तर ती अशी बघते, जणू मी तिला काठी आणून दिली.

सगळं चालतं तिच्या घराखालच्या, गाडी ठेवायच्या गॅरेजमध्ये. माझं काम पाने हातात द्यायचं, टॉर्च धरायचा आणि बोलणी खायची. तळाचा बोल्ट सोडवताना ती गाडीखालून जुन्या सवयीनं म्हणते, श्वास रोखा. मी खरंच रोखते. बोल्ट सुटतो, काळं तेल भांड्यात पडायला लागतं आणि ती म्हणते, सोडा.

आता आजीचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. आजी, म्हणजे आत्याची आई, शेवटी शेवटी विसरायला लागली होती. सुरुवात अगदी साधी झाली. आमटीत दोनदा मीठ पडलं. आम्ही हसलो. मग ती एका दिवशी दोनदा आंघोळ करायला लागली, मग तीनदा, आणि पुढं आत्यालाच विचारायला लागली की बाई, तुम्ही कुणाकडे आलात. आत्यानं तिचं सगळं केलं, तक्रारीचा शब्द न काढता. पण आजी गेल्यावर एकदा गाडी पुसता पुसता ती मला म्हणाली होती, "ज्या दिवशी मी एकच काम दोनदा करीन ना, ढमे, त्या दिवशी किल्ली तू काढून घ्यायची. मी रडले, शिव्या दिल्या, तरी घ्यायची."

मी हो म्हटलं होतं. असल्या गोष्टींना माणूस हो म्हणूनच मोकळा होतो.

तर त्या रविवारी आकडा भरला होता. आत्याला सणसणीत सर्दी झालेली, नाक चोंदलेलं, आणि उजवा खांदा आखडलेला. मी म्हटलं, पुढच्या रविवारी करू. तिनं ऐकलं नाही, ती माझं कधी ऐकते. इंजिन जरा गरम करून तिनं जॅकनं गाडीचं तोंड उचललं, खाली स्टँड लावले आणि सरपटत आत शिरली. मी पाना दिला. श्वास रोखला. बोल्ट सुटला, आणि खालून सोडा असं काही आलंच नाही.

मी वाकून बघितलं. भांड्यात तेल पडत होतं, पण काळं नाही. मधासारखं, स्वच्छ, आरपार दिसणारं. आत्या पडल्या पडल्या त्या धारेकडे बघत होती. मला आधी आनंदच झाला. मी म्हटलंसुद्धा की बघ, किती छान ठेवलीयस गाडी, अजून नवंकोरं आहे. मूर्खासारखी बोलून बसले. आणि वर कुरकुर केली की कसला घाण वास येतोय, सडक्या अंड्यासारखा. धार थांबली, तिनं बोल्ट घट्ट केला आणि बाहेर येऊन गॅरेजच्या फरशीवर बसून राहिली.

"हे मी आधीच बदललंय," ती म्हणाली. "कधी बदललं, आठवत नाही."

मी आठवायला लागले. मागच्या महिन्यात मी आले होते का? नाही. मग माझ्याशिवाय केलं असेल? ती एकटीनं कधी करत नाही. मग तेल स्वच्छ कसं? कुणी दुसऱ्यानं बदललं? कुणी बदलेल, भूत? प्रत्येक प्रश्नाचं उत्तर आत्याच होती आणि ते उत्तर मला नको होतं. मी म्हटलं, अगं, चांगल्या कंपनीचं तेल असेल, काळं पडत नसेल. तिनं माझ्याकडे बघितलं. आजीच्या आमटीला आम्ही असंच काहीतरी म्हणायचो, की मीठच आजकाल खारट येतं.

तिनं किल्ली काढून माझ्या हातावर ठेवली. रडली नाही, शिव्याही दिल्या नाहीत. त्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाली, आज मला सुचत नाहीये, उद्या सकाळी ये, तो नवा डबा इंजिनात ओत आणि गाडी तुझ्याकडे घेऊन जा. माझ्या डोळ्यांसमोर नको. स्टँड काढून तिनं गाडी खाली घेतली तेवढीच. भांडं कोपऱ्यात तसंच पडून राहिलं.

घरी गेले तर नवरा म्हणाला, हात धुऊन ये, कसला वास मारतोय. मी दोनदा साबण लावला. मग मनात आलं, आपणही एकच काम दोनदा केलं, आणि बेसिनपाशी उभी राहून रडले. नवऱ्याला काही कळेना. तो म्हणाला, एवढा काही वास येत नाहीये गं.

सकाळी गेले तेव्हा आत्या अंथरुणातच होती, भिंतीकडे तोंड करून. या बाईला मी उजाडल्यावर अंथरुणात कधी बघितलं नव्हतं. मी खाली गॅरेजमध्ये आले, बॉनेट उघडलं, डब्याचं झाकण फिरवलं. पण आत्यानं एक गोष्ट माझ्या डोक्यात ठोकून ठोकून बसवली आहे: ओतायच्या आधी डिपस्टिक बघायची. ती तेल मोजायची लांब पट्टी. रिकाम्या इंजिनात काय मोजायचं, असं वाटलं, तरी ओढली.

पट्टीवर तेल होतं. वरच्या खुणेपर्यंत. काळं कुळकुळीत.

मी पुसून पुन्हा घातली. पुन्हा तेच. कोपऱ्यातलं भांडं बघितलं, त्यात कालचं सोनेरी तेल होतंच. काल तेल काढलं, ते समोर दिसतंय. आणि इंजिनातलं तेल इंजिनातच आहे. मग काढलं ते काय? मला वाटलं, विसरायचा आजार घरातल्या घरात पसरत असावा. तेवढ्यात आणखी एक आठवलं. दर वेळी भांडं काठोकाठ भरतं आणि ते उचलताना मी घाबरते. काल भांडं निम्मंसुद्धा नव्हतं.

पट्टी तशीच हातात धरून मी वर धावले. जिन्यात, दारात, पलंगापाशी, सगळीकडे काळे थेंब. आत्या वळली. एरवी फरशीवर पाणी सांडलं तरी ती घर डोक्यावर घेते. आता तिनं फरशीकडे बघितलंच नाही. पट्टी माझ्या हातातून घेतली, बोटांनी तेल चोळून बघितलं आणि उठून बसली.

"काल मी कुठल्या बाजूनं शिरले गं?"

मी म्हटलं, हत्यारांच्या कपाटाच्या. खांदा दुखत होता म्हणून. दर वेळी तू भिंतीच्या बाजूनं जातेस.

ती तशीच गाऊनवर खाली आली. अनवाणी. भांड्यापाशी उकिडवी बसली, तेलात बोट बुडवून नाकाशी नेलं, नाक चोंदलेलं, काही कळेना. मग ते बोट माझ्या नाकाखाली धरलं. मी सांगितलं, कालचाच तो, सडक्या अंड्याचा. काल माझ्या हातालाही तोच येत होता.

आत्या खाली फरशीवर बसली आणि गाडीच्या पोटाकडे बघत राहिली. या गाडीत म्हणे इंजिन एका अंगाला असतं आणि गिअरबॉक्स दुसऱ्या अंगाला. दोघांच्या तळाला बोल्ट, दिसायला सारखेच. ती दर वेळी भिंतीकडून शिरते, हाताला पहिला लागतो तो इंजिनचा. बघायचीही गरज नसते. काल उलट बाजूनं शिरली आणि हाताला पहिला लागला तो सोडवला. गिअरबॉक्सचं तेल तिनं मागच्या खेपेलाच बदललं होतं. ते काळं पडायचं काही कारण नव्हतं आणि त्याचा वास असाच असतो. हे सगळं ती मला समजावत नव्हती, स्वतःशीच बोलत होती, एकेक गोष्ट हातानं हवेत मांडत.

"विसरले नाही," ती म्हणाली. "ढमे, मी विसरले नाही. मी चुकले."

आणि ती रडायला लागली. ज्या बाईनं आजी गेल्यावरही माझ्यासमोर डोळ्यांतून टिपूस काढलं नव्हतं, ती फरशीवर बसून हुंदके देत होती आणि मध्येच हसत होती. मीही तिच्याशेजारी बसले. दवाखान्याला उशीर होत होता, होऊ दे म्हटलं. समोरच्या गॅरेजमधले काका सायकल काढताना थबकले आणि काय झालं विचारू लागले. आत्यानं नाक पुसलं आणि त्यांना सांगितलं, माझी चूक झाली, फार मोठी चूक झाली. नात झाल्याचं सांगावं तशा तोंडानं. काका गोंधळून सायकल घेऊन गेले.

मग तिला भान आलं. मी तो डबा ओतून गाडी नेली असती तर दोन गल्ल्यांच्या पुढं तेलाविना गिअरबॉक्सचं वाटोळं झालं असतं, आणि इंजिनात दुप्पट तेल झालं असतं ते वेगळंच. यावर तिनं मला बोलणी खायला घातली, की काल भांडं अर्धं दिसलं तेव्हा तोंड शिवलं होतं का. माझा जीव भांड्यात पडला. ही माझी आत्या होती.

येत्या रविवारी इंजिनचं तेल बदलायचं आणि गिअरबॉक्समध्ये नवं भरायचं ठरलं. मी किल्ली तिच्या गाऊनच्या खिशात टाकली. तिनं ती काढली, माझ्यापुढं धरली आणि म्हणाली, अट अजून तीच आहे हं, विसरले तर तुझी.

"आणि चुकलीस तर?"

"चुकले तर तू बोलायचं," ती म्हणाली, आणि किल्ली परत खिशात घातली.