चिंचोक्याची मूठ

माझं शुद्धलेखन चुकतं आणि अक्षर कोंबडीने उकरल्यासारखं येतं, त्याची माफी आधीच मागते. मुरबाडच्या शाळेत चौथीपर्यंत शिकले. पुढे हातात लेखणी कमी आणि विळा जास्त. हे कोणाला दाखवायला लिहीत नाही. चार माणसांत तोंड उघडायला मला कधी जमलं नाही, म्हणून कागदावर लिहिते.

लग्न होऊन शहापुरात आले तेव्हा घरात सासू आणि आम्ही दोघं. दिवाळी झाली की हे डोळखांबच्या बाजूला कोळशाच्या भट्ट्यांवर जायचे, ते होळीला परत. यायचे तेव्हा डोळे लाल, अंगाला धुराचा वास, आणि खोकला पावसाळा संपेपर्यंत जायचा नाही. मग कचेरीमागे साहेब लोकांनी टेनिसचं मैदान केलं आणि यांना तिथे काम लागलं. मैदान शेणाने सारवायचं, चुन्याच्या रेघा मारायच्या, जाळी बांधायची, चेंडू आणून द्यायचे. बघून बघून हे खेळायलाही शिकले. एखादा साहेब आला नाही तर त्याच्या जागी यांना उभं करायचे. सारवायला मी जायची. त्या वर्षी पहिल्यांदा थंडीत माझा माणूस घरात होता.

त्याच थंडीत जंगल खात्याचे मोठे साहेब बदलून आले. त्यांची बाई पुण्याकडची, माझ्याच वयाची. तिला टेनिस शिकायचं होतं. साहेबांना शिकवायला धीर नव्हता. त्यांनी यांना सांगितलं, "तू शिकव."

अडचण मुठीपाशी आली. बाई रॅकेट धरायची ती उलथणं धरावं तशी, तारांची जाळी आभाळाकडे. चेंडू जायचा तोही आभाळाकडेच. खरं तर रॅकेट धरायची असते कोयत्यासारखी, म्हणजे कोयत्याची धार जशी जमिनीकडे असते तशी रॅकेटीची कड जमिनीकडे. पण सांगून हात वळत नाही, तो धरूनच वळवावा लागतो. आणि साहेबाच्या बायकोचा हात नोकरमाणूस धरणार कसा? हे आपले दोन्ही हात पाठीमागे बांधून लांब उभे राहायचे. "बाईसाहेब, जरा आतल्या अंगाला... नाय नाय, येवढी नाय... आता लय झाली." मी शेणाच्या पाटीजवळ बसून पदरात हसायची.

घरी आल्यावर यांना हसू येत नव्हतं. म्हणाले, "हात धरला तर जोडा खाईन, नाय धरला तर साहेब म्हणतील याला शिकवताच येत नाय. तूच शिक गो. तू बाईमाणूस, तू धर त्यांचा हात."

साहेबांना विचारून यांनी एक रॅकेट घरी आणली. अंगणात मला उभं केलं. "तळवा जाळीवर ठेव. आता तसाच खाली घसरत आण. मुठीपाशी आला? धर आता." आणि माझा हात धरून यांनी थोडा वळवला. दिवसाउजेडी, सासूसमोर.

सासू भात पाखडत होती. म्हणाली, "काय रे, लगीन परत लावतोस काय?"

मी रॅकेट टाकून आत पळाले. पण धरायचं कसं ते कळलं होतं.

त्या रॅकेटीची मूठ जरा डुगडुगत होती. हे तसं बोलले, ते सासूने ऐकलं. आमच्याकडे कुदळीचा दांडा सैल झाला की पाण्यात टाकतात. लाकूड फुगतं आणि घट्ट बसतं. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही मैदानावर गेलो आणि सासूने रॅकेट विहिरीजवळच्या गुरांच्या पाण्याच्या दोणीत बुडवली. तरंगू नये म्हणून वर दगड ठेवला. दुपारी आम्ही आलो तर जाळीच्या तारा, त्या जनावराच्या आतड्याच्या असतात, भिजून शेवयांसारख्या झालेल्या. उन्हात वाळवली तर दोन-तीन तुटल्या आणि रॅकेट भाजलेल्या पापडासारखी वाकडी झाली.

सासू एवढंच म्हणाली, "मी भलं करायला गेले गो." तिला कोणी बोललं नाही. मला सुचलं असतं तर मीही तेच केलं असतं.

साहेब ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं वाटलं असतं. म्हणाले, "किंमत पगारातून कापू. आणि होळीपर्यंत बाईंचा हात बसला नाही तर दुसरा माणूस बघू." किंमत यांच्या दोन पगारांहून जास्त होती. घरी येऊन यांनी भट्टीवर न्यायची घोंगडी काढली आणि उन्हात टाकली. संध्याकाळी मीच ती घडी करून परत माळ्यावर ठेवली.

दुसऱ्या दिवशी मी बंगल्याच्या मागच्या दाराशी गेले.

"अगं, दारात काय उभी? हात धरायला आलीस ना? मग धर की," बाई म्हणाली.

मी धरला. धरला की बरोबर, सोडला की उद्या पुन्हा उलथणं. खेळताना मी काही तिच्या शेजारी उभी राहू शकत नव्हते. मी नसताना तिच्या हाताला चूक सांगेल असं काहीतरी पाहिजे होतं.

ती मोडकी रॅकेट आता आमचीच झाली होती. यांनी करवतीने तिची मूठ कापून काढली. आठ कडांची मूठ, हातात छान बसायची. मी ती कितीदा तरी नीट धरून बघितली आणि चुकीची धरून बघितली. नीट धरली की तळव्यात कुठे पोकळी राहते, ते चुलीतल्या कोळशाने खूण करून घेतलं. विळ्याची मूठ बसवायला लाख असतेच घरात. ती तापवून त्या जागी दोन चिंचोके चिकटवले आणि वरून जुन्या लुगड्याची पट्टी गुंडाळली. हात बरोबर असला की चिंचोके पोकळीत जातात. वळला की टोचतात. बाईने घरात नुसती ही मूठ धरून हाताला सवय लावायची.

पहिल्यांदा फारच टोचले. बाईच्या तळव्याला फोड आला. "तू मला शिकवतेस की माझ्यावर सूड उगवतेस?" ती म्हणाली. मला रडू यायचंच बाकी होतं. पण ती हसत होती. मी चिंचोके दगडावर घासून बारीक केले आणि पुन्हा बसवले.

मग ती मूठ तिच्या हातातून सुटेना. मूठ हातात धरूनच ती स्वयंपाक्याला हुकूम सोडायची. एकदा तो मला हळूच म्हणाला, "ताई, हे दांडकं कोणासाठी गो? माझ्यासाठी नाय ना?"

होळीच्या आधी एका संध्याकाळी बाई साहेबांबरोबर खेळली. चेंडू जाळीवरून सरळ पलीकडे. मग आणखी एक. साहेबांनी तिच्या हाताकडे बघितलं आणि म्हणाले, "हं." तेवढंच. त्या एका "हं"वर हे घरी येईपर्यंत हसत होते. दुसऱ्या माणसाची गोष्ट पुन्हा कोणी काढली नाही. सासूने माळ्यावरची घोंगडी काढून शेळीच्या पिल्लांखाली अंथरली. मी ते बघितलं आणि त्या रात्री मला गाढ झोप लागली, किती दिवसांनी.

पगार मात्र कापत होते. पण बाईची मूठ बघून मामलेदारांच्या घरून बोलावणं आलं, मग डॉक्टरांच्या घरून, मग मुरबाडच्या एका साहेबाच्या घरून. हे शिवणीच्या लाकडाच्या मुठी तासायचे. प्रत्येक बाईचा हात वेगळा. म्हणून मला आधी तिचा हात धरून बघावा लागायचा. अशी मी बोलायला लागले, थोडी थोडी. चिंचोके निवडायचं काम सासूने आपल्याकडे घेतलं. दुसऱ्या कोणाला हात लावू द्यायची नाही. बायका देतील ते पैसे तिच्या पानसुपारीच्या चंचीत.

भातं कापून झाली आणि सासूने चंची यांच्यापुढे ठेवली. हे ती घेऊन रॅकेटीचे उरलेले पैसे भरायला बंगल्यावर गेले. आम्ही दोघी अंगणात बसून राहिलो. ती सुपात चिंचोके उगाच इकडचे तिकडे करत होती.

हे फाटकातून आले तसं तिने विचारलं, "घेतले?"

"घेतले. पुढच्या महिन्यापासून पगार पुरा."

"काय राहिलं का?"

"नाय गो आये. सगळे फिटले."