आर्धी घोषणा माजी, आर्धी गर्दीची

शाळंतनं मास्तरांनी मला दुसऱ्याच दिवशी घरी घालवलं. मी नुसतं ‘हजर’ म्हनलो तर शेजारच्या वर्गातली पोरं दचकून हुबी राह्यली. पुढं त्याच आवाजावर पोट भरलं. आमच्या साहेबांच्या मागं घोषणा देत जलम गेला. साहेब आमदार झालं, मंत्री झालं, पडलं, परत आलं. मी हाय तिथंच, टेंपोच्या टपावर.

घोषणेचं काम सोपं असतंय. आर्धी आपन वरडायची, आर्धी गर्दीनं. म्हंजे डोकं निम्मंच लागतं, आन माज्याकडं तेवढंच हाय.

औंदा परदेशातल्या एका सरकारनं आपल्या मालावर टॅक्स वाढीवला. सांगलीच्या यार्डात हळदीची पोती पडून राह्यली. शेतकरी तापलं. त्यात शेतकरी संघाच्या तरन्या उपाध्यक्षानं काडी लावली, “साहेब थकलं आता. अध्यक्षाची खुर्ची सोडावी.” त्याच देशातलं खरेदीदार हळद बघाय येनार हुतं. ते रिकामं परत गेलं की साहेबांची खुर्ची गेली, हे आमच्या डायवरलाबी ठावं हुतं.

घोळ असा झाला, दोनी कामं एकाच दिवशी आली. सकाळी टॅक्सच्या विरोधात कचेरीवर मोर्चा, दुपारी यार्डात पाव्हन्यांचं स्वागत. मानसं दोनीकडं तीच, पलूसकडनं टेंपोत भरून आनलेली.

सकाळी मी वरडलो, “त्या देशाचा—”

मानसं गरजली, “धिक्कार असो!”

लय रंगलं. मंग साहेबांनी मला बाजूला घिऊन बजावलं, “दुपारी ‘विजय असो’ म्हनायचं. सगळ्यास्नी सांग.” मी मान हालीवली. पर मानसं मिसळ खात हुती, आन मी तर्री मागत हुतो. सांगायचं राह्यलंच.

दुपारी पाव्हनं आलं. म्होरक्या चांगला आडमाप गडी. त्येला फेटा बांधला, हार घातला. साहेबांनी मला हातानं खुनावलं. मी छाती फुगवून वरडलो, “पाव्हन्यांच्या देशाचा—”

“धिक्कार असो!”

सकाळच्यापेक्षा जोरात. मिसळ पोटात गेलती न्हवं!

वाजंत्री थांबली. पाव्हना मातर खूश. हसत हसत त्येनं भाषांतर करनाऱ्या मॅडमला इचारलं, ही मानसं काय म्हनत्यात? मॅडमनी साहेबांकडं बघितलं. उपाध्यक्ष मिशीत हसला, “सांगा की साहेब, आता काय सांगताय ते.”

साहेब म्हनलं, “पोरी, हाय ते खरं सांग. म्हनावं, ह्यो धिक्कार हाय. टॅक्सनं मानसं कावल्यात. पर फेटाबी त्याच मानसांनी बांधलाय. आमचं भांडन टॅक्सशी हाय, तुमच्याशी न्हाई.”

पाव्हन्यानं ऐकलं. त्येचं हसू गेलं. मी मनात टेंपोवरनं उडी टाकायची जागा बघून ठेवली. तेवढ्यात त्यो फेटा धरून खदाखदा हसाय लागला आन मॅडमला कायतरी बोलला.

मॅडम म्हनल्या, “ते म्हणतात, या करानं आमचाही धंदा बसलाय. आम्हीही आमच्या सरकारपुढं हेच ओरडतो. पण असा आवाजाचा माणूस आमच्याकडं नाही.”

सगळं यार्ड हसलं. पाव्हन्यानं हळकुंड मोडलं, नाकाला लावलं, बोटं पिवळी करून घेतली. आन जाताना एका कंटेनरचा सौदा पक्का केला. टॅक्स काय त्येच्या हातात नव्हता, पर एक कंटेनर हुता. उपाध्यक्षानं टाळ्या वाजीवल्या, पर येका हाताला दुसरा हात घावंना.

मी टेंपोमागं दडलो हुतो. साहेबांनी हाक मारली, “ये रं, बस गाडीत.”

म्हनलं, संपलो. बसल्या बसल्या हात जोडलं, “आवं साहेब, चुकलं. उद्याधरनं मी गपच.”

“गप बसून करशील काय? दुसरं काय येतंय रं तुला?”

खरंच हुतं. मी इचारलं, “तुमास्नी भ्या न्हाई वाटलं?”

“लय वाटलं गड्या. गुडघं लटालटा कापत हुतं. धोतर हाय म्हनून कुनाला दिसलं न्हाई.”

दोघंबी हसलो. ती खुर्चीची भानगड लागल्यापास्नं साहेबांच्या डोळ्याला डोळा नव्हता. माधवनगर मागं पडायच्या आत ते घोराय लागलं, पार तोंड उघडं टाकून. म्होरं म्हशी आडव्या आल्या. डायवरनं हॉर्नकडं हात नेला, मी त्येचा हात धरला.

म्हशी गेल्या त्यांच्या त्यांच्या चालीनं. आमी बसून राह्यलो.