दिवस बुडाल्यावरच्या फेऱ्या

गेम्स-मास्तरने पावाचा तुकडा मटणाच्या रश्श्यात बुडवला आणि माझ्या भावाच्या ओठांवर दाबला.

"खाव. सूरज सो गया. तुम्हारा भगवान भी सो गया."

पोरं हसली. धनूने तोंड उघडलं नाही. रस्सा हनुवटीवरून त्याच्या गंजीवर उतरला.

मी मैदानाच्या तारेच्या कुंपणाबाहेर भाकरीचा डबा धरून उभी होते. कॅम्पातल्या, म्हणजे गोऱ्यांच्या छावणीतल्या, झाडांमागे दिवस बुडून गेला होता, म्हणजे तो डबा आता धनूला चालणार नव्हता. आम्ही जैन. दिवस बुडाल्यावर आमच्यात अन्न तोंडात घालत नाहीत. मास्तरने माझा कॉन्व्हेंटचा गणवेश ओळखला आणि इंग्रजीत म्हणाला, ये, तूच भरव. पोरं पुन्हा हसली. मी मान खाली घातली. त्या शहरात मला तेवढंच चांगलं जमत होतं.

धनू तेरा वर्षांचा. बेळगावातल्या इंग्रजी शाळेच्या बोर्डिंगात राहायचा. मी त्याच्याहून मोठी, तिथेच मावशीकडे राहून शिकत होते. बोर्डिंगात जैन मुलांना उजेड असेपर्यंत वाढत. हॉकीचा सराव संपवून पोरं त्या वेळेपर्यंत सहज पोचली असती. पण मास्तरला एक गंमत सापडली होती. पलटणीतून निवृत्त झालेला गोरा माणूस तो. बाकीच्यांना सोडायचा आणि धनूला मैदानाच्या फेऱ्या घालायला लावायचा. आभाळाकडे बघत बसायचा. दिवस बुडाला की शिट्टी.

मग सकाळपर्यंत पोट रिकामं. रोज.

मी धनूला म्हटलं, सोड तो खेळ. त्याला ते पटलं नाही. तो संघातला सगळ्यांत चपळ होता आणि त्याला ते ठाऊक होतं. तो म्हणाला, "सोडला तर म्हणतील, तंबाखूवाल्याचं पोरगं पळालं."

सुट्टीत निपाणीला घरी गेलो. आईने त्याची मनगटं धरून पाहिली. मी तिला सगळं सांगितलं. मास्तर, फेऱ्या, शिट्टी, रस्सा. आईच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, आता हा प्रकार थांबणार.

ती उठली आणि शेजारणीला सांगून आली, "माझ्या लेकरानं उपास काढलं, पर नेम मोडला न्हाय."

दुसऱ्या दिवशी बस्तीत, म्हणजे आमच्या देवळात, धनूला पाटावर बसवलं. हार घातला. एक म्हातारी म्हणाली, "एवढं पोरगं, पर तप बघा की." बायांनी खडीसाखर वाटली. धनू ताठ बसला होता. हार त्याच्या खांद्यांवरून घसरत होता, इतके ते खांदे उतरले होते. त्याला उपाशी कोण ठेवतंय, हे कुणीच विचारलं नाही. मी खडीसाखर हातात धरून बसले. ती विरघळली.

शाळा उघडली. थोड्याच दिवसांत धनू मैदानावर चक्कर येऊन पडला. दगडावर आपटून भुवई फुटली. शाळेने आप्पांना बोलावलं. आप्पांना, आमच्या वडिलांना, इंग्रजी येत नव्हतं. त्यांनी मला बरोबर घेतलं.

हेडमास्तरच्या खोलीत गेम्स-मास्तर खिडकीला टेकून उभा होता. आम्हाला कुणी बसा म्हटलं नाही. छावणीच्या कॅन्टीनला आमच्या वखारीतून तंबाखू जायची, गोऱ्यांना दुखवून चाललं नसतं. आप्पांनी हात जोडले आणि मला म्हणाले, "सांग त्यास्नी, पोरगं अशक्त हाय. चूक झाली. संघातनं काढू नगा म्हनावं."

मी तोंड उघडलं. आप्पांचं वाक्य जिभेवर होतं. ते बाहेर आलं नाही.

मी इंग्रजीत म्हणाले, "हा माणूस माझ्या भावाला गंमत म्हणून उपाशी ठेवतो. आम्ही मूल तुमच्या हवाली केलं होतं."

गेम्स-मास्तर हसला. हेडमास्तरने चष्मा पुसला. त्याचं म्हणणं असं, की मैदानावर शिस्त लागते, आणि ज्यांना आपले आचार सांभाळायचे असतील त्यांनी घरी राहावं. माझ्या इंग्रजी उच्चारांची त्याने तारीफ केली.

"काय म्हनाले?" आप्पांनी विचारलं.

"मी माफी मागितली नाही," मी म्हणाले.

गाडीत बसल्यावर आप्पा म्हणाले, "शिकवून आमीच चुकलो." माझी शाळा त्या दिवशी सुटली. धनूची नाही. आप्पांनी कुणा ओळखीच्या वकिलाकरवी माफी पोचवली. भुवईची जखम भरायच्या आत धनू परत मैदानावर होता. फेऱ्या तशाच.

माझ्या बोलण्याने काहीही थांबलं नाही. हे मी स्वतःपासून लपवत नाही.

आज चार वर्षांनी धनू संघाचा कप्तान आहे. काल सुट्टीला आला. अंगाने भरला आहे. आता बोर्डिंगात तो रात्री जेवतो. हे आईला माहीत नाही. जेवताना तो गंमत सांगत होता. चिकोडीकडचं एक नवं जैन पोर संघात आलंय. मास्तर आता म्हातारा झालाय, म्हणून फेऱ्या धनूच घालायला लावतो. दिवस बुडेपर्यंत.

मी विचारलं, का?

"मी सोसलं की. त्येला काय धाड भरलीया?"

आप्पा हसले. आईने त्याला आणखी वाढलं.

उद्या त्या पोराची आई आमच्याकडे येणार आहे. आपलं लेकरू धनूच्या हाताखाली आहे, त्याने जरा लक्ष द्यावं, एवढं सांगायला. आई तिच्यासाठी लाडू वळते आहे. मी बायकांच्या बैठकीत बोलत नाही, हे सगळ्यांना माहीत आहे.

उद्या बोलणार आहे. धनू समोर असतानाच. तप म्हणू नका बाई, तुमच्या पोराला उपाशी ठेवतात, त्याला तिथून काढा. ती ऐकेल असं मला वाटत नाही. माझ्या आईने तरी कुठे ऐकलं? मग मी पुढच्या घरी जाईन, जिथून पोर त्या मैदानावर जायचं असेल तिथे. आणि उपाशी कोण ठेवतं असं विचारलं, तर गोऱ्या मास्तराचं नाव नंतर. आधी माझ्या भावाचं.